पुरुष प्रजननसंस्थेच्या वैद्यकीय संज्ञा आणि अहवाल वाचताना होणारी गल्लत

सूक्ष्मदर्शी

वीर्यतपासणीचा किंवा वृषणांच्या सोनोग्राफीचा अहवाल हातात पडला की बहुतेक जण आधी ठळक अक्षरांतला शब्द वाचतात, तो इंटरनेटवर शोधतात आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंतचा वेळ भलत्याच धास्तीत काढतात. प्रयोगशाळेत नमुने तपासण्याचे काम करत असल्यामुळे ही धास्ती मला नेहमी दिसते, आणि तिचा बराचसा भाग आजारापेक्षा संज्ञांच्या गल्लतीतून येतो असे माझे मत झाले आहे. वीर्य आणि शुक्राणू, वंध्यत्व आणि नपुंसकत्व, नसबंदी आणि खच्चीकरण, प्रोस्टेटची वाढ आणि प्रोस्टेटचा कर्करोग हे शब्द बोलताना आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. वैद्यकात मात्र यांतला प्रत्येक शब्द शरीरातले वेगळे ठिकाण किंवा वेगळी क्रिया सांगतो. म्हणून संज्ञांची यादी पाठ करण्याऐवजी शुक्राणूचा मार्ग एकदा नीट समजून घ्यावा आणि अहवालातला शब्द त्या मार्गावर कुठे बसतो ते पाहावे, असे मला सुचवायचे आहे.

मार्गाची सुरुवात वृषणात होते. प्रौढ पुरुषाचे वृषण साधारण ४ ते ५ सेंटिमीटर लांब असते आणि त्याचे आकारमान बहुधा १५ ते २५ मिलिलिटर भरते. त्वचेच्या ज्या पिशवीत दोन्ही वृषणे असतात ती वृषणकोश. शुक्राणू तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते, म्हणून ही पिशवी पोटाबाहेर असते. वृषणाच्या आत शेकडो अतिशय बारीक, वेटोळ्या नलिका असतात. त्या नलिकांच्या भिंतीतल्या सर्टोली पेशी शुक्राणूंचे पोषण करतात, तर नलिकांच्या मधल्या जागेतल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करून रक्तात सोडतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येणाऱ्या संप्रेरकांपैकी एफएसएच मुख्यतः सर्टोली पेशींवर काम करते आणि एलएच लायडिग पेशींवर. शुक्राणू आणि संप्रेरक यांचे कारखाने असे एकाच अवयवात शेजारी शेजारी असले, तरी एक बंद पडल्यावर दुसरा बंद पडलाच पाहिजे असे नाही. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही अशा पुरुषाचा आवाज, दाढी, कामेच्छा आणि ताठरता हे सारे अगदी व्यवस्थित असू शकते, ते याच कारणाने.

वृषणातून बाहेर पडलेले शुक्राणू अधिवृषणात येतात. वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेला हा अवयव बोटाच्या पेरांत मावतो, पण ती खरे तर सुमारे ६ मीटर लांबीची एकच नळी गुंडाळून बसलेली असते. शुक्राणूंना पोहण्याची क्षमता या नळीतल्या प्रवासात येते. पुढे शुक्रवाहिनी लागते. ती वृषणकोशातून वर चढून जांघेतल्या मार्गाने पोटात शिरते, मूत्राशयाच्या मागे जाते आणि तिथे शुक्राशयाच्या नळीला मिळते. दोघींची मिळून जी स्खलनवाहिनी होते ती प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथीतून जात मूत्रमार्गात उघडते. वीर्याचा बहुतांश द्रव, म्हणजे सुमारे ६० ते ७० टक्के, शुक्राशयांतून येतो आणि उरलेल्यातला मोठा भाग प्रोस्टेटमधून. वृषण आणि अधिवृषण यांच्याकडून येणारा भाग जेमतेम काही टक्के असतो. ही विभागणी लक्षात राहिली तर पुढचे बरेच शब्द आपोआप उलगडतात.

आता अहवालातले आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीविषयक मार्गदर्शिकेची सहावी आवृत्ती २०२१ साली आली. तिच्यानुसार संदर्भाच्या खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, शुक्राणू दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख, एका स्खलनात एकूण ३ कोटी ९० लाख, एकूण शुक्राणूंपैकी हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के आणि प्राकृत आकाराचे ४ टक्के. या मर्यादा आल्या कुठून, हे सहसा कोणी सांगत नाही. ज्यांच्या जोडीदारांना वर्षभराच्या आत गर्भधारणा झाली अशा पुरुषांचे नमुने तपासून, त्यांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांवर ही रेघ ओढलेली आहे. याचा अर्थ रेघेखालचे काही पुरुषही बाप झालेले आहेत. चार टक्के प्राकृत आकार पाहून ‘उरलेले शहाण्णव टक्के बिघडलेले’ असा हिशेब मांडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

शुक्राणू कमी असतील तर ऑलिगोझूस्पर्मिया, त्यांची हालचाल कमी असेल तर अस्थेनोझूस्पर्मिया आणि आकार बिघडलेला असेल तर टेराटोझूस्पर्मिया. हे तिन्ही शब्द नमुन्याचे वर्णन करतात, कारण सांगत नाहीत. खोकला हे जसे निदान नव्हे तसेच हे.

चौकस

लेख आवडला. एक शंका आहे. ‘शुक्राणू आढळले नाहीत’ असे लिहून आले तर वीर्य तयारच होत नाही असा अर्थ घ्यायचा का? माझ्या परिचयातल्या एका जोडप्याच्या अहवालात अ‍ॅझूस्पर्मिया असा शब्द होता आणि घरातल्या थोरामोठ्यांनी त्याचा सरळ नपुंसकत्व असा अर्थ लावला. त्या दोघांच्या संसारावर त्याचे परिणाम झाले. काही ठिकाणी अ‍ॅस्पर्मिया असाही शब्द दिसतो. हे दोन्ही एकच आहेत काय?

सूक्ष्मदर्शी

एक नाहीत, आणि नपुंसकत्वाशी दोन्हींचा थेट संबंध नाही. अ‍ॅस्पर्मिया म्हणजे वीर्य बाहेरच न येणे. अ‍ॅझूस्पर्मिया म्हणजे वीर्य येते, बहुधा नेहमीइतकेच येते, पण त्यात शुक्राणू नसतात. वर दिलेली विभागणी पाहिली तर हे विचित्र वाटणार नाही, कारण द्रवाचा जवळजवळ सगळा भाग वृषणाबाहेर तयार होतो. नपुंसकत्व हा शब्द वैद्यकात आता वापरत नाहीत. संभोगासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा न टिकणे याला ताठरतादोष म्हणतात, आणि त्याचा शोध रक्तवाहिन्या, मज्जातंतू, मधुमेह, औषधे, मनःस्थिती अशा वेगळ्याच दिशांना घ्यावा लागतो.

अ‍ॅझूस्पर्मिया हा शब्द लिहिण्याआधी प्रयोगशाळेत काय करायला हवे, तेही सांगतो. नमुना दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर दिलेला असावा. ताजे वीर्य दाट, गोळ्यागोळ्यांचे असते. शरीराच्या तापमानाला ठेवले की साधारण अर्ध्या तासात ते पातळ होते आणि मग त्याचा थेंब काचेवर घेतात. अनेक दृश्यक्षेत्रे पालथी घालूनही शुक्राणू दिसला नाही, तर उरलेला नमुना वेगाने फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्रात घालून तळाशी बसलेला साका पुन्हा तपासायचा असतो. त्या साक्यात एखाददुसरा शुक्राणू सापडला तर निदान क्रिप्टोझूस्पर्मिया असे बदलते आणि उपचारांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा ठरतो. शिवाय एकाच नमुन्यावर निर्णय देऊ नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळात येऊन गेलेल्या जोरदार तापाचा परिणाम आजच्या नमुन्यात दिसू शकतो.

यापुढचा प्रश्न असा, की शुक्राणू तयारच होत नाहीत की तयार होऊन अडले आहेत? वृषणांचे आकारमान व्यवस्थित आणि रक्तातले एफएसएच प्राकृत असेल तर अडथळ्याची शक्यता वाढते. वृषणे लहान आणि एफएसएच वाढलेले असेल तर निर्मितीतच दोष असण्याची शक्यता अधिक. एफएसएच आणि एलएच दोन्ही खूप कमी असतील तर वृषणे धडधाकट असूनही वरून आदेश येत नाही असे समजायचे; हा प्रकार विरळा आहे, पण संप्रेरके देऊन त्यात अनेकदा चांगला गुण येतो. वीर्याचे प्रमाण अगदी कमी, सामू आम्लाकडे झुकलेला आणि फ्रुक्टोज नाही, असे तिन्ही एकत्र दिसले तर शुक्राशयांचा द्रवच पोहोचत नाही हे उघड होते, कारण फ्रुक्टोज तिथूनच येते. अशा वेळी स्खलनवाहिनीत अडथळा आहे की शुक्रवाहिन्या आणि शुक्राशय जन्मतःच नाहीत, हे पाहावे लागते. दुसऱ्या प्रकाराचा संबंध सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या जनुकाशी असल्यामुळे मूल होऊ देण्याआधी दोघांचीही जनुकीय तपासणी सुचवतात.

आपल्या परिचितांच्या बाबतीत यांतले काय होते ते ठाऊक नसताना घरच्यांनी निकाल देऊन टाकला, हे वाईट झाले. अडथळ्याच्या प्रकारात अधिवृषणातून किंवा वृषणातून सुईने शुक्राणू काढता येतात आणि एकेक शुक्राणू बीजांडात सोडण्याचे इक्सी तंत्र १९९२ पासून उपलब्ध आहे.

सुईदोरा

मूत्ररोग शल्यचिकित्सक या नात्याने थोडी भर घालतो. माझ्याकडे येणाऱ्यांची सर्वाधिक गल्लत सूज आणि गाठ यांच्या नावांत होते. हायड्रोसील, हर्निया, व्हेरिकोसील, अधिवृषणातली गाठ या सगळ्यांना लोक ‘अंडवृद्धी’ म्हणतात, आणि खरोखर वाढलेल्या वृषणालाही तेच म्हणतात.

हायड्रोसील म्हणजे वृषणाभोवतीच्या पातळ दुहेरी आवरणात पाणी साठणे. अंधार करून विजेरी टेकवली की ती सूज लालसर उजळते. हर्नियामध्ये पोटातले आतडे किंवा चरबी जांघेच्या मार्गाने खाली उतरलेली असते. साध्या हायड्रोसीलच्या वर बोटांची चिमूट पोहोचते आणि तिथे फक्त शुक्ररज्जू, म्हणजे शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्यांची दोरी, लागतो. हर्नियात चिमूट बसतच नाही, कारण सूज वर पोटापर्यंत गेलेली असते. अहवालात न सापडणारी ही गोष्ट हाताने क्षणात कळते. लहान बाळांत मात्र दोन्हींचे मूळ एकच असते. वृषण खाली उतरताना पोटाच्या आतल्या आवरणाची एक नळी बरोबर घेऊन येते. ती बंद व्हायची राहिली आणि फट बारीक असली तर पाणी उतरते, मोठी असली तर आतडे.

व्हेरिकोसील म्हणजे शुक्ररज्जूतल्या शिरा फुगणे. ते बहुतेक वेळा डावीकडे असते, कारण डाव्या वृषणाची शीर सरळ काटकोनात डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, तर उजवी तिरकी जाऊन मोठ्या महाशिरेला मिळते. सुमारे १५ टक्के पुरुषांमध्ये ते आढळते आणि त्यांतल्या पुष्कळांना त्याचा काही त्रास नसतो. हाताला न लागणारे, केवळ सोनोग्राफीत दिसलेले व्हेरिकोसील कापायला घेऊ नये, या मताचा मी आहे आणि मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. याउलट, फक्त उजवीकडे असलेले किंवा आडवे झाल्यावरही न ओसरणारे व्हेरिकोसील दिसले तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी केल्याखेरीज रुग्णाला सोडू नये.

दोन शब्द मात्र असे आहेत जे दिसल्यावर वाट पाहायची नसते. पहिला टॉर्शन, म्हणजे वृषण आपल्याच रज्जूभोवती पीळ घेते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पौगंडावस्थेतल्या मुलाला अचानक तीव्र वेदना होतात, उलटी होते आणि पुष्कळदा तो लाजेपोटी पोट दुखते एवढेच सांगतो. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचते, दिवस उलटला तर क्वचितच. सोनोग्राफीची वेळ मिळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा शंकेवरून शस्त्रक्रिया केलेली बरी. दुसरे लक्षण म्हणजे वृषणाच्या आतच असलेली कडक, न दुखणारी गाठ. वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने १५ ते ४० या वयात होतो आणि त्यात बरे होण्याचे प्रमाण फार चांगले आहे, पण त्यासाठी अशी गाठ वृषणकोशातून सुई घालून तपासत नाहीत; जांघेतून छेद घेऊन वृषण काढतात. कारण पुन्हा मार्गातच आहे. वृषण गर्भावस्थेत मूत्रपिंडाजवळ तयार होऊन खाली येते आणि येताना आपल्या रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या बरोबर आणते. त्यामुळे त्याच्या लसिकाग्रंथी पोटात महाधमनीजवळ असतात, तर वृषणकोशाच्या त्वचेच्या जांघेत. कोशातून सुई घातली तर रोगाला नवी वाट खुली होऊ शकते. मूतखड्याची कळ वृषणापर्यंत येते त्यामागेही हाच इतिहास आहे.

शब्दवेध

वैद्यकीय मजकुराचे मराठीकरण करताना मला जाणवलेल्या दोन अडचणी नोंदवतो. वृषणकोशासाठी अंडकोश हा शब्द लोक सहज वापरतात, पण बीजांडकोश हा स्त्रीच्या अवयवासाठीचा शब्द त्याच्या इतका जवळ आहे, की घाईत लिहिलेल्या मजकुरात एकाच्या जागी दुसरा येतो. वृषण, वृषणकोश आणि बीजांडकोश हे तीनच शब्द कटाक्षाने वापरावेत. दुसरी अडचण उलट दिशेची आहे. पुरुषाच्या सोनोग्राफी अहवालात ‘ट्युनिका व्हजायनॅलिस’ असे वाचून एक गृहस्थ हादरले होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ म्यान असा आहे आणि सुईदोरा यांनी सांगितलेले वृषणाभोवतीचे दुहेरी आवरण तेच हे. प्रोस्टेटच्या एमआरआय अहवालात कधीकधी ‘युट्रिकल’ येते. ती गर्भावस्थेतल्या एका नलिकेची राहिलेली खूण असते आणि सहसा निरुपद्रवी असते.

व्यक्तिनामांवरून पडलेल्या नावांबद्दलही लिहायला हवे. सर्टोली, लायडिग, काऊपर ही नावे ज्या शास्त्रज्ञांची आहेत त्यांचा मान आहेच, पण ‘काऊपर ग्रंथी’ यावरून ती कुठे आहे ते कळत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शरीररचना परिभाषेत अशा नावांपेक्षा स्थान सांगणाऱ्या नावांना पसंती दिलेली आहे. डॉक्टरांच्या तोंडी मात्र जुनी नावेच आहेत आणि ती इतक्यात जातील असे वाटत नाही.

पायवाट

माझ्या भाच्याचे वय आठ महिने आहे. त्याच्या कागदावर ‘अनडिसेंडेड टेस्टिस’ असे लिहिले आहे, तर दुसऱ्या डॉक्टरांनी शेजारच्या एका पाच वर्षांच्या मुलासाठी ‘रिट्रॅक्टाइल’ असे लिहून काही करू नका म्हणून सांगितले. दोन्ही मुलांची वृषणे जागेवर नाहीत, मग सल्ला वेगळा का?

सुईदोरा

ताई, रिट्रॅक्टाइल वृषण पूर्ण उतरलेले असते. त्याला वर खेचणारा स्नायू लहान मुलांत फार जागरूक असल्यामुळे थंडीने किंवा स्पर्शाने ते वर जाते. मूल निवांत असताना, कोमट हातांनी हलकेच खाली आणले की ते तळाशी येते आणि तिथे थोडा वेळ राहते. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, मात्र वर्षातून एकदा दाखवत राहावे, कारण अशी काही वृषणे पुढे वरच अडकतात.

अनडिसेंडेड म्हणजे अनवतरित वृषण कधी उतरलेलेच नसते. पूर्ण दिवसांच्या सुमारे ३ टक्के मुलग्यांत जन्मतः ते आढळते, त्यांतली बरीच पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात, पण सहा महिन्यांनंतर ती शक्यता फारशी उरत नाही. म्हणून सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान वृषण खाली आणून स्थिर करण्याची शस्त्रक्रिया सांगतात. आपला भाचा त्याच वयात आहे, तेव्हा बालशल्यचिकित्सकांची भेट पुढे ढकलू नये. पुढे प्रजननक्षमता कमी होणे आणि कर्करोगाची शक्यता वाढणे या दोन्हींवर वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. वृषण हाताला लागत असेल तर सोनोग्राफीने निर्णय बदलत नाही.

पालकांना उपयोगी पडणारे आणखी थोडे. लहान मुलाची शिश्नावरची अग्रत्वचा मागे न जाणे हे बहुधा नैसर्गिक असते. ती जोराने मागे ओढू नये. मागे गेलेली त्वचा तिथेच अडकून शिश्नमणी सुजला तर त्याला पॅराफायमोसिस म्हणतात आणि तिथे तातडीने जावे लागते. मूत्रमार्गाचे तोंड शिश्नाच्या खालच्या बाजूला असेल तर ते हायपोस्पॅडियास. अशा बाळाची सुंता करू नये, कारण दुरुस्तीसाठी तीच त्वचा लागू शकते.

उतारवय

प्रोस्टेटबद्दल कोणीतरी सविस्तर लिहावे. सोनोग्राफीत ‘प्रोस्टेटोमेगाली, ग्रेड दोन’ असे आले आहे. त्याच सुमारास एका मित्राच्या बायॉप्सीत ‘ग्लीसन सहा’ आले. दहापैकी सहा म्हणजे निम्म्याहून पुढे गेलेला कर्करोग, असे आम्ही दोघेही धरून चाललो आहोत.

काचपट्टी

काका, मी विकृतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे आधी आपल्या मित्राबद्दल लिहिते. ग्लीसन गुणांकन कर्करोग किती पसरला हे सांगत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथींची रचना किती बिघडली आहे हे सांगते. दोन प्रमुख रचनांना अंक देऊन त्यांची बेरीज करतात आणि आजच्या पद्धतीत बायॉप्सीत कर्करोगाला दिला जाणारा सर्वांत कमी गुणांक सहाच असतो. म्हणजे मापनाची पट्टी प्रत्यक्षात सहा ते दहा अशी आहे. हाच गैरसमज टाळण्यासाठी आता अहवालात एक ते पाच असा श्रेणीगटही देतात आणि ग्लीसन सहा म्हणजे गट एक. अशा पुष्कळ रुग्णांना लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांवर ठेवतात. त्यांच्यासाठी काय योग्य हे पीएसए ही रक्ततपासणी, एमआरआय, वय आणि किती तुकड्यांत पेशी सापडल्या यांवरून त्यांचे डॉक्टर ठरवतील, पण ‘निम्म्याहून पुढे’ हा अर्थ तरी मनातून काढून टाकावा.

आपल्या अहवालातली वाढ वेगळ्या प्रकारची आहे. प्रोस्टेटचा मूत्रमार्गाभोवतीचा भाग वयानुसार वाढतो, ती सौम्य वाढ. साठीच्या आसपास जवळपास निम्म्या पुरुषांत ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. कर्करोग मात्र बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो, म्हणून तर गुदमार्गातून बोटाने तपासतात. सौम्य वाढीचे पुढे कर्करोगात रूपांतर होत नाही, पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. सौम्य वाढीसाठी दुर्बिणीतून आतला भाग काढला तरी बाहेरचा भाग शिल्लक राहतो, त्यामुळे ‘प्रोस्टेट काढले आहे, आता कर्करोगाची चिंता नाही’ हे म्हणणे चुकीचे ठरते.

सुईदोरा

काचपट्टी यांनी नेमके लिहिले आहे. सोनोग्राफीतल्या ग्रेडला मी फारसे महत्त्व देत नाही. ग्रंथी फार मोठी असून काहीच तक्रार नसलेले रुग्ण असतात आणि लहान ग्रंथीने मूत्रमार्ग दाबून लघवी तुंबलेलेही असतात. लघवीची धार, रात्री किती वेळा उठावे लागते, लघवीनंतर मूत्राशयात किती उरते, यांवर उपचार ठरतात.

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये बनणारे प्रथिन आहे आणि दाट वीर्य पातळ करणे हे त्याचे काम. सूक्ष्मदर्शी यांनी काचेवर थेंब घेण्याआधी ज्या पातळ होण्याची वाट पाहिली, ते हेच घडवून आणते. रक्तातली त्याची पातळी सौम्य वाढीत, जंतुसंसर्गात आणि लघवी तुंबल्यावरही वाढते. ४ या आकड्याला परंपरेने सीमा मानले गेले आहे, पण त्याखाली कर्करोग नसतोच असे नाही आणि त्यावर असतोच असेही नाही. एक बाब रुग्ण हमखास सांगायचे विसरतात: फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही सौम्य वाढीवरची औषधे सहा महिने ते वर्षभर घेतले की पीएसए साधारण निम्म्यावर येते, त्यामुळे अहवालातला २.५ हा आकडा ५ समजून वाचावा लागतो. टॅमसुलोसिन या लघवी सुलभ करणाऱ्या औषधाने पीएसए बदलत नाही, मात्र त्याने वीर्य बाहेर येण्याऐवजी कमी येणे किंवा मूत्राशयात मागे जाणे संभवते. असे घडले की लोक घाबरतात. ते अपायकारक नाही.

दंडबैठक

व्यायामशाळेतल्या एकाने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू केली आहेत. ‘पौरुष वाढते, म्हणजे शुक्राणूही वाढत असणार’ असे त्याचे म्हणणे आहे. पुढच्या वर्षी त्याला मूल हवे आहे. याबद्दल काय सांगावे?

सूक्ष्मदर्शी

त्याला आजच थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे. वर म्हटल्याप्रमाणे कारखाने दोन आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडणे आवरते घेते. मग वृषणातले स्वतःचे टेस्टोस्टेरॉन घटते, आणि शुक्राणूनिर्मितीला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात ते लागत असते. परिणामी रक्ताच्या अहवालात टेस्टोस्टेरॉन भरपूर, आणि वीर्याच्या अहवालात शुक्राणू शून्य, अशी स्थिती येते. वृषणे आकारानेही लहान होतात. इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण त्याला काही महिने ते दीड-दोन वर्षे लागू शकतात आणि काहींचे पूर्ववत होत नाहीत. पुढच्या वर्षाचा बेत असेल तर हा हिशेब त्याच्या कानावर घालावाच.

चौकस

शेवटचे एक विचारतो. नसबंदीने पौरुष जाते ही समजूत तर या चर्चेत निकालात निघाली. पण शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत ‘क्वचित, अचल शुक्राणू’ असे लिहून आले आहे. शस्त्रक्रिया फसली असे समजायचे का?

सुईदोरा

नाही. नसबंदीत शुक्रवाहिनी कापून तिची टोके बंद करतात. कातडीखाली चिमटीत धरली तर ती कडक सुतळीसारखी लागते, त्यामुळे ती शोधणे अवघड नसते. वृषणाला हात लागत नाही, टेस्टोस्टेरॉन रक्तात जाते तसेच जात राहते आणि वीर्याचे प्रमाणही जाणवण्याइतके बदलत नाही. पण छेदाच्या पुढच्या नळीत आणि शुक्राशयांच्या परिसरात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. ते निघून जायला सुमारे तीन महिने धरतात, म्हणून तोवर दुसरे गर्भनिरोधन चालू ठेवावे लागते. दोन महिन्यांनी थोडे अचल शुक्राणू दिसणे यात नवल नाही.

अहवालात दोन गोष्टी पाहाव्यात, संख्या आणि हालचाल. ताज्या नमुन्यात दर मिलिलिटरमागे एक लाखापेक्षा कमी आणि सगळेच अचल शुक्राणू असतील तर अनेक मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते पुरेसे मानले जाते. हालचाल करणारा एक जरी शुक्राणू दिसला तरी तपासणी पुन्हा करायची, आणि सहा महिन्यांनंतरही हालचाल करणारे शुक्राणू दिसत राहिले तर शस्त्रक्रिया अयशस्वी समजायची. आपल्या अहवालात संख्या लिहिलेली नाही, ‘क्वचित’ एवढेच आहे. प्रयोगशाळेकडून आकडा मागून घ्या, आणि नमुना दिल्यापासून किती वेळाने तो तपासला तेही विचारा. उशिरा तपासलेल्या नमुन्यात शुक्राणू अचल दिसणारच.